चारातलं एक दार

चावीवरचं बटण दाबलं की गाडीच्या चारही दारांतून एकाच वेळी आवाज येतो. तो इतका अंगवळणी पडलेला असतो की कानांना जाणवतही नाही. एखाद्या दिवशी मात्र त्यात काहीतरी कमी वाटतं. तीन दारं बंद होतात, चौथं उघडंच राहतं. किंवा चौथ्या दारातून नुसतं 'टिक्' होतं आणि खिडकीजवळची खुंटी जागची हलत नाही. गोंदियाच्या बाजारात, आमगावच्या चौकात किंवा कोहमाऱ्याला महामार्गाच्या कडेला हे घडलं, तर गाडीवाल्याला मिळणारं पहिलं उत्तर बहुधा ठरलेलं असतं: "मोटर गेली भाऊ, नवी टाकून देऊ."

कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा नवी मोटर बसते, दोन दिवस चालते आणि तिसऱ्या दिवशी तेच दार पुन्हा रुसून बसतं. कारण मोटर गेलेलीच नव्हती. मोटर बदलताना दार दहा वेळा उघडलं-मिटलं, तारा हलल्या, तुटक्या तारेची दोन टोकं तेवढ्यापुरती एकमेकांना टेकली आणि काम झाल्यासारखं वाटलं. मोटरीचे पैसे गेले, मजुरी गेली, दोष जिथे होता तिथेच राहिला. हे नुकसान टाळता येतं. त्यासाठी गाडीवाल्याला इलेक्ट्रिशियन व्हायची गरज नाही. दाराच्या आत काय चालतं एवढं ठाऊक असलं तरी पुरतं.

लॉकची मोटर म्हणजे मुठीत मावेल एवढी प्लॅस्टिकची डबी. तिच्यात खेळण्यातल्या गाडीत असते तशी लहान मोटर, प्लॅस्टिकची दोन-तीन दातेरी चाकं आणि पुढे-मागे सरकणारी एक दांडी असते. दांडीला बारीक सळई, सळईचं दुसरं टोक कुलपाच्या खटक्याला. मोटरीला तारा दोनच. या दोन तारांपैकी कायमची धन एकही नाही आणि कायमची ऋणही एकही नाही. गाडी स्वस्थ उभी असते तेव्हा दोन्ही तारा बॉडीला, म्हणजे अर्थिंगला, जोडलेल्या असतात. 'बंद'चं बटण दाबलं की एक रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, पहिल्या तारेवर बॅटरीचे 12 व्होल्ट सोडतो, दुसरी तार बॉडीलाच राहते आणि मोटर एका दिशेला फिरते. 'उघड' म्हटलं की दुसरा रिले दुसऱ्या तारेवर 12 व्होल्ट सोडतो, पहिली बॉडीला राहते आणि तीच मोटर उलटी फिरते. सगळा खेळ सेकंदभराच्या आत आटोपतो.

ही एवढी मांडणी डोक्यात पक्की बसली की निम्मं निदान झालंच. दार बंद होतं पण उघडत नाही, अशी तक्रार घ्या. मोटर बंद करताना फिरली, म्हणजे मोटर जिवंत आहे. तिच्या दोन्ही तारा शाबूत आहेत, कारण उघडतानाही त्याच दोन तारा लागतात. सळई हाताने दोन्हीकडे मोकळी सरकत असेल, तर दाराचं आतलं पॅड उघडायचंही कारण नाही. दोष मागे आहे, रिलेत, बटणात किंवा बटणाकडून येणाऱ्या बारीक तारेत. आणि इथे एक फसवी जागा आहे. उघडताना वीज दुसऱ्या तारेतून येते, पण तिचा परतीचा रस्ता पहिल्या तारेतून, 'बंद'च्या रिलेच्या विश्रांतीतल्या कॉन्टॅक्टमधून बॉडीला जातो. तो कॉन्टॅक्ट जळून काळा पडला असेल, तर 'बंद'चा रिले आपलं काम चोख करतो आणि 'उघड'चा उगाच दोषी ठरतो. नवा 'उघड' रिले टाकून दार उघडलं नाही की कारागीर गोंधळतो. वीज नुसती येऊन भागत नाही, तिला परत जायला वाट लागते, हे इतकं उघड दिसणारं ठिकाण गाडीत दुसरं नसेल.

विजेची दारं जुनीच आहेत. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने 1956 साली आपल्या मोटारींना ती दिली. दुरून बटण दाबून कुलूप उघडायची सोय फ्रान्सच्या रेनो फ्युएगोत 1982 मध्ये आली. आपल्याकडे ती सामान्य माणसाच्या गाडीत कंपनीकडून कमी आणि ॲक्सेसरीच्या दुकानातून जास्त आली. 1983 ते 2014 एवढा काळ बनलेली मारुती 800 आणि तिच्या पिढीच्या साध्या गाड्या विकत घेतल्या, की सीट कव्हर आणि टेपबरोबर 'सेंट्रल लॉक बसवून द्या' असं सांगितलं जाई. गोंदियाच्या एमएच-35 पाटीच्या कितीतरी जुन्या गाड्यांत हीच बाजारातली किट आजही आहेत. त्यातली ड्रायव्हरच्या दाराची मोटर इतरांहून वेगळी असते. तिला दोनऐवजी पाच तारा. सर्वसाधारण किटमध्ये निळी आणि हिरवी मोटरीच्या. काळी, पांढरी आणि तपकिरी या आतल्या छोट्या स्विचच्या. चावीने ड्रायव्हरचं दार बंद केलं की सळई हलते, आतला स्विच सरकतो, कंट्रोल युनिटला खबर जाते आणि ते बाकी दारांना हुकूम देतं. रंग किटगणिक बदलतात, म्हणून रंगावर विसंबण्यापेक्षा मीटर लावून पाहिलेलं बरं.

पाच तारांची ही मोटर ठाऊक नसेल तर एक तक्रार कधीच सुटत नाही: गाडी बंद होते आणि लगेच आपोआप उघडते. पाहणाऱ्याला वाटतं, कंट्रोल युनिट बिघडलं. घडतं असं की ड्रायव्हरच्या दाराची मोटर थकलेली असते किंवा सळई ग्रीस सुकून जड झालेली असते. दांडी शेवटपर्यंत पोहोचत नाही, अर्ध्यातून मागे येते. मागे येताना आतला स्विच 'उघड'ची खबर देतो आणि युनिट इमानाने चारही दारं उघडतं. इथे खरोखर मोटरच दोषी आहे, पण उघडझाप करणाऱ्या चारांतली कुठली, हे कळायला हवं. नव्या गाड्यांत हेच लक्षण दार नीट न लागल्याचंही असतं. दाराच्या लॅचमधला स्विच 'दार उघडं आहे' असं सांगत राहतो आणि गाडी स्वतःला कुलूप लावून घ्यायला नकार देते. केबिनचा दिवा विझत नसेल, तर संशय तिकडे न्यावा.

हे निदान इथे करतं कोण, तेही पाहायला हवं. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. आठ तालुके, धानाची शेती, तलाव, जंगल आणि देवरी-सडक अर्जुनीतून जाणारा, आता 53 क्रमांकाचा, कोलकात्याकडचा महामार्ग. गोंदिया शहरापासून रेल्वेने नागपूर 130 किलोमीटर. सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या माणसाला गाडीच्या एका दारासाठी एवढं जाणं परवडत नाही, म्हणून इथल्या गाड्यांचं आरोग्य चौकातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या हातात असतं. त्यांच्यात फार चांगले कारागीर आहेत. हातात बारा व्होल्टचा एक बल्ब, त्याला जोडलेल्या दोन तारा, एकीला सुई आणि दुसरीला चिमटा, एवढ्यावर ते गाडी वाचतात. आणि या बल्बच्या टेस्टरला कमी लेखायचं कारण नाही. उलट, पुष्कळदा तो महागड्या डिजिटल मीटरपेक्षा खरं बोलतो.

ते कसं, हे या जिल्ह्यातल्या माणसाला चटकन कळेल. कोहळी समाजाने बांधलेले जुने तलाव इथे गावोगावी आहेत. तलाव तुडुंब भरलेला दिसतो. पाटात काठी बुडवून पाहिली तर पाणीही हाताला लागतं. पण मध्ये कुठे पाट गाळाने बुजला असेल, तर शेवटच्या बांधीत पाणी पोहोचत नाही. पाटाचं तोंड बंद ठेवून पातळी मोजली तर सगळीकडे सारखीच भरते; तोंड उघडून पाणी वाहू द्यावं, तेव्हा कुठे अडतं ते कळतं. विजेचंही तसंच. डिजिटल मीटर तारेतून जवळजवळ वीज ओढतच नाही. दहा-बारा पदरांची तार तुटून एकच पदर उरला असेल, तरी मीटर ठामपणे 12 व्होल्ट दाखवतो. मोटरीला मात्र वाहती वीज लागते. समजा मोटरीचा रोध 3 ओहम आहे. 12 व्होल्टवर तिला 4 अँपिअर मिळतात. वाटेत एका गंजलेल्या जोडाने आणखी 3 ओहम घातले, तर प्रवाह 2 अँपिअरवर येतो आणि मोटरीच्या वाट्याला 6 व्होल्टच उरतात. मोटर 'टिक्' करते, दांडी हलत नाही. कपलर, म्हणजे मोटरीच्या तारांचा प्लग, काढून मीटर लावला तर 12 व्होल्ट, म्हणून शिक्का बसतो: वीज येते, मोटर गेली. मोठा बल्ब लावला असता तर तो मंद पेटला असता आणि तारेचं बिंग फुटलं असतं.

मीटरही खरं बोलतो, पण त्याला प्रश्न नीट विचारावा लागतो. कपलर काढून नव्हे, जोडलेला ठेवून, मागच्या बाजूने सुई लावून, बटण दाबलेलं असताना मोजायचं. बॅटरीच्या ऋण टोकापासून दाराच्या अर्थिंगपर्यंत मीटर लावला आणि बटण दाबताच त्याने दीड-दोन व्होल्ट दाखवले, तर परतीच्या वाटेतच गाळ साचला आहे. अर्थिंगचा बोल्ट सहसा डॅशबोर्डखाली, पायाजवळच्या पट्टीमागे असतो. गाडीचं डेंटिंग-पेंटिंग झाल्यावर लॉक बिघडलं, असं गाडीवाला सांगतो तेव्हा पेंटरवर आळ घेतोय असं वाटतं. पण रंगाच्या थरावर बोल्ट आवळला गेला असेल तर तो अगदी बरोबर बोलतो आहे. पॉलिश पेपरने तो रुपयाएवढा भाग चकाकेपर्यंत घासला, बोल्ट पुन्हा आवळला, वरून थोडं ग्रीस लावलं की चारही दारं पहिल्यासारखी खणखणीत वाजतात. खर्च जवळजवळ शून्य.

आता सगळ्यात जास्त वेळा ज्या जागी दोष सापडतो, तिथे यायला हवं.

दार पूर्ण उघडून बिजागऱ्यांच्या मध्ये पाहिलं, तर काळ्या रबराची एक नळी दिसते, घड्या घड्यांची, भात्यासारखी दबणारी आणि ताणली जाणारी. गाडीच्या अंगातून दारात जाणाऱ्या सगळ्या तारा तिच्या पोटातून जातात: लॉकच्या, काचेच्या, स्पीकरच्या. दार उघडलं की त्या सरळ होतात, मिटलं की वाकतात. दिवसातून वीस वेळा दार उघडलं, तर वर्षाला सात हजारांच्या वर आणि दहा वर्षांत सत्तर हजारांच्या वर वाकणं होतं, आणि तेही नेमकं त्याच जागी. लोखंडी तार सारखी वाकवत राहिलं की ती जशी तुटते, तसंच तांब्याचं होतं. एकेक पदर तुटत जातो. वरचं प्लॅस्टिक मात्र शाबूत राहतं, म्हणून नळी सरकवून पाहणाऱ्याला सगळं ठीक दिसतं.

तिथे डोळ्यांपेक्षा बोटं कामाला येतात. नळीचं एक टोक खोबणीतून काढून मागे सरकवायचं, तारा मोकळ्या करायच्या आणि एकेक तार दोन बोटांत धरून हलकेच ओढायची. चांगली तार ताठ राहते. ज्या तारेतलं तांबं तुटलं आहे, ती त्या जागी रबरासारखी लांबते, बोटाला आतली पोकळी जाणवते. कधी तिच्या प्लॅस्टिकवर केसाएवढी चीर असते आणि चिरेतून हिरवी भुकटी डोकावते. तो तांब्याचा गंज, पाणी आत शिरल्याची खूण. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि दाराचं पॅड न काढता होते. तिच्याही आधी करायची एक परीक्षा तर कुणालाही जमेल. एकाने आत बसून लॉकचं बटण पुन्हा पुन्हा दाबत राहायचं, दुसऱ्याने बिघडलेलं दार अगदी सावकाश उघडायचं आणि मिटायचं. दाराच्या एखाद्या कोनात लॉक अचानक काम करायला लागलं, तर तार या रबरातच तुटली आहे, यात शंका उरत नाही.

ती जोडायची रीतही महत्त्वाची. दोन टोकं सोलून, पिळून, वर काळी टेप गुंडाळली तर जोड महिना-दोन महिने टिकतो. नुसतं डाग देऊन सोल्डर केलं तर ती जागा ताठ होते आणि तार शेजारून तुटते. खरी दुरुस्ती म्हणजे तुटका तुकडा बराच लांबीने कापून टाकायचा, मऊ आणि भरपूर पदरांची नवी तार घालायची, आणि दोन्ही जोड अशा बेताने घ्यायचे की एक गाडीच्या अंगात आणि दुसरा दाराच्या पोटात येईल. वाकणाऱ्या भागात एकही जोड नको. जोडांवर उष्णतेने आवळणारी नळी चढवायची. यात तासभर जातो. पण अशी जोडलेली तार पुन्हा दहा वर्षं पाहायला लागत नाही. या कामाची मजुरी गाडीवाल्याने मोटरीच्या किमतीइतकी आनंदाने द्यावी, कारण हे सुटा भाग बदलण्यापेक्षा वरच्या दर्जाचं काम आहे.

तारेनंतरचा शत्रू पाणी. वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात हे विस्ताराने सांगायला हवं, कारण पुष्कळांना वाटतं की दारात पाणी जातच नाही. जातं, आणि ते जाणार हे गृहीत धरूनच दार बनवलेलं असतं. काचेवरून ओघळणारं पावसाचं पाणी रबराच्या पट्टीच्या फटीतून दाराच्या पोकळीत उतरतं आणि तळाशी ठेवलेल्या छोट्या भोकांतून बाहेर गळून जातं. पोकळी आणि आतलं पॅड यांच्या मध्ये प्लॅस्टिकचा एक कागद डिंकासारख्या चिकट पट्टीने चिकटवलेला असतो. तो पाण्याला केबिनकडे येऊ देत नाही. रोवणीच्या दिवसांत शेतरस्त्यावर फिरलेल्या गाडीची तळातली भोकं चिखलाने बुजतात. पाणी दारात साचतं, वळताना आत डचमळल्याचा आवाजही येतो. लॉकची मोटर दाराच्या मागच्या कडेला, खालच्या अंगाला असेल तर ती अशा पाण्यात भिजत राहते. आणि प्लॅस्टिकचा तो कागद? मागे कुणीतरी काचेचं काम करताना ओरबाडून काढला, चुरगळून आत कोंबला किंवा फेकून दिला. तेव्हापासून प्रत्येक पावसात स्विचवर आणि कपलरवर थेंब पडताहेत.

दारातला स्विच आणि पाणी यांची गाठ किती महाग पडते, हे मोठ्या कंपन्यांनीही अनुभवलं आहे. 2010 च्या जानेवारीत होंडाने जगभरातून साडेसहा लाखांच्या आसपास गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. ड्रायव्हरच्या खिडकीतून आलेलं पाणी काचेच्या मुख्य स्विचमध्ये शिरलं तर तो तापून पेट घेण्याचा धोका होता. भारतातल्या होंडा सिटी गाड्याही त्यात होत्या. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये टोयोटाने 74 लाखांहून अधिक गाड्या बोलावल्या, त्याही दारातल्या काचेच्या स्विचसाठी. तिथे कारण होतं स्विचच्या आत सारखं न लागलेलं ग्रीस. बोटाच्या पेराएवढ्या भागात कमी-जास्त लागलेलं ग्रीस आणि त्यापायी पाऊण कोटीच्या घरात गाड्या. लॉकचं बटण बहुतेक गाड्यांत याच स्विचच्या पट्टीवर असतं. ते अडखळायला लागलं, कोमट लागलं किंवा जळका वास आला, तर तिथे थांबायला हवं. स्विचवर बाटलीतून काहीतरी फवारून काम भागवणं धोक्याचं आहे.

धान आलं की उंदीर आलाच. राईस मिलच्या आवारात, कोंड्याच्या ढिगाशेजारी किंवा घरातल्या ढोलीजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या तारा कुरतडल्या जातात आणि उघडं पडलेलं तांबं बॉडीला टेकतं. मग बटण दाबताक्षणी फ्यूज उडतो. नवा फ्यूज घातला, तोही उडाला. इथे गाडीवाल्याची सहनशक्ती संपते आणि फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी येते. हे कुणीही, कधीही करू नये. चार मोटरी एकदम ओढतात त्या विजेच्या हिशोबाने तिथे वीस अँपिअरच्या आसपासचा फ्यूज दिलेला असतो. त्याच्या जागी तार बसवली की पुढच्या खेपेला फ्यूजऐवजी गाडीची वायरिंग जळते.

जाणते कारागीर अशा वेळी फ्यूजच्या जागी 21 वॅटचा इंडिकेटरचा बल्ब जोडतात. बल्ब स्वतःच पावणेदोन अँपिअरहून जास्त वीज जाऊ देत नाही, त्यामुळे काही जळत नाही आणि फ्यूजचं पाकीटही संपत नाही. आधी चारही मोटरींचे कपलर सोडवायचे. आता बटण दाबलं तर वीज ओढायला कुणीच नाही. बल्ब विझलेला राहायला हवा. तरी तो लख्ख पेटला, तर कुठली तरी तार बॉडीला टेकली आहे. मग एकेका दाराचा जोड मुख्य वायरिंगपासून सोडवत जायचं. ज्या दाराला सोडवल्यावर बल्ब विझतो, दोष त्या दाराच्या वाटेवर. बल्ब बटण न दाबताच पेटत असेल, तर दारांना हात लावायची गरजच नाही. शॉर्ट फ्यूज आणि कंट्रोल युनिट यांच्या मधल्या तारेत किंवा युनिटमध्येच आहे.

गेल्या काही वर्षांतल्या गाड्यांत मात्र रिले वेगळे दिसत नाहीत. दिवे, वायपर, काचा आणि लॉक सगळं एका बॉडी कंट्रोल मॉड्यूलकडे असतं आणि त्याच्या बारीक तारांवर बल्बचा टेस्टर टेकवला तर मॉड्यूलच जायचं. तिथे एलईडीचा टेस्टर किंवा मीटर वापरावा, आधी स्कॅनर लावून गाडीने काय नोंदवून ठेवलं आहे ते वाचावं. पिवळ्या कपलरला किंवा पिवळं वेष्टण असलेल्या तारेला हात लावू नये, ती एअरबॅगची. पण स्कॅनरने 'डाव्या मागच्या दाराचं सर्किट खुलं' असं सांगितलं, म्हणून मोटर लगेच बदलायची नसते. सर्किट मोटरीतही खुलं असू शकतं आणि रबराच्या नळीतही. यंत्र गल्ली सांगतं, घर शोधायला तिथे जावंच लागतं.

रिमोटची तक्रार सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त वेळा चुकीच्या दिशेने जाणारी. दारातल्या बटणाने चारही लॉक नीट चालतात, रिमोटने नाही, तर दारात काहीही बिघडलेलं नाही. बहुतेक रिमोटमध्ये 3 व्होल्टचा सीआर 2032 हा बटणासारखा सेल असतो. तो बदलून पाहावा. गाडीला अगदी चिकटून उभं राहिल्यावरच रिमोट चालत असेल, तर सेलच संपत आला आहे. आणि गोंदियात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, विदर्भात सर्वांत कडक थंडी जिथे पडते त्या ठिकाणांत हे शहर असतं तेव्हा, लॉक सावकाश सरकतात आणि दुपारी ठीक होतात. ते सहसा विजेचं दुखणं नसतं. जुनं ग्रीस घट्ट झालेलं असतं, बॅटरीही गारठलेली असते. लॅच साफ करून पांढरं ग्रीस लावलं की भागतं.

एका दाराचं काय एवढं, असं म्हणून कामचलाऊ गाडी वापरणारे पुष्कळ आहेत. त्यांनी नागपूरची जून 2023 मधली घटना आठवावी. पाचपावली भागातल्या फारूकनगरची तीन लहान मुलं खेळायला गेली ती परतली नाहीत. दुसऱ्या दिवशी घराजवळच उभ्या असलेल्या एका बंद गाडीत ती मृतावस्थेत सापडली. अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात उभ्या बंद गाडीचं आतलं तापमान तासाभरात सरासरी 22 अंश सेल्सिअसने वाढलेलं आढळलं, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातली होती. विदर्भातल्या मे-जूनमध्ये ही वाढ कुठल्या आकड्यावर पडते, ते इथे कुणाला सांगायला नको. आतून न उघडणारं दार, मग ते विजेमुळे अडलेलं असो, गंजामुळे असो वा चाइल्ड लॉकमुळे, मुलाच्या हातांना सारखंच असतं.

आतून दार उघडता यावं म्हणून 1 जुलै 2019 पासून भारतात बनणाऱ्या मोटारींना ड्रायव्हरची एअरबॅग, सीट बेल्टची आणि वेगाची सूचना, रिव्हर्सचे सेन्सर यांच्याबरोबर सेंट्रल लॉक हाताने उघडण्याची सोयही सक्तीची झाली. वीज पूर्ण गेली तरी आतून दार उघडलं पाहिजे. नियमाच्या आधीच्या, बाजारातलं किट बसवलेल्या गाड्यांत हे मालकालाच पाहावं लागतं. वर्षातून एकदा बॅटरीचं टोक सोडवायचं, एकेका सीटवर बसून प्रत्येक दार आतून हाताने उघडून पाहायचं आणि चावी बाहेरच्या कुलपात घालून फिरवायची. रिमोट आल्यापासून या कुलपाला कुणी चावी लावत नाही, धुळीने ते आतल्या आत घट्ट होतं आणि बॅटरी संपलेल्या दिवशीच कळतं की गाडीत शिरायची एकमेव वाट बंद आहे. किटची मोटर अडकून खुंटी जड झाली असेल आणि दुरुस्तीला वेळ असेल, तर मोटरीची सळई सोडवून ठेवावी. ते दार मग सेंट्रल लॉकने चालणार नाही, पण हाताने उघडेल.

दार दुरुस्त होऊन पॅड बसवायच्या आधी मालकाने तिथे उभं राहावं. प्लॅस्टिकचा कागद परत चारही बाजूंनी चिकटवला का, रबराची नळी दोन्ही खोबणीत नीट बसली का, दाराच्या तळाची भोकं काडीने मोकळी केली का, हे पाहावं. मग काच वर करून खिडकीच्या पट्टीवर बादलीभर पाणी ओतायचं. तळाच्या भोकांतून ते धार लावून खाली आलं, आणि त्यानंतर दार पूर्ण उघडून, अर्धं उघडून आणि मिटून, तिन्ही वेळा बटणाला खणखणीत 'कट्ट' मिळालं, की पॅडचे स्क्रू आवळायला हरकत नाही.